ईसीसी रॅम लावली, पण ती जागी आहे का? लिनक्सवर तपासताना या चुका टाळा

माझ्या टेबलाखालच्या डेस्कटॉपमध्ये ईसीसी रॅम, म्हणजे चुकलेला बिट ओळखून सुधारण्याची सोय असलेली मेमरी आहे, असं मी दीड वर्ष लोकांना छातीठोकपणे सांगत होतो. पट्ट्या ईसीसीच्याच होत्या, प्रोसेसर ईसीसी जाणणारा होता, टर्मिनलवर 72 बिट दिसत होते. मग एकदा भलत्याच कामासाठी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग चाळताना एक ओळ नजरेला पडली : 'डीरॅम ईसीसी डिसेबल्ड'. बायोसमधली, म्हणजे मशिन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममधली, एक सेटिंग 'ऑटो'वर होती आणि त्या बोर्डाच्या लेखी ऑटो म्हणजे बंद. दीड वर्ष त्या जास्तीच्या चिप नुसत्या हजेरी लावून बसल्या होत्या.

तेव्हापासून कुणी 'माझ्या मशिनला ईसीसी आहे का' असं विचारलं की मी आधी तो प्रश्न सोडवून घेतो. कारण तो एक प्रश्न नाही, तीन आहेत. रॅमच्या पट्टीवर तपासणीचे जास्तीचे बिट आहेत का? प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि मदरबोर्ड ते बिट वापरू शकतात का? आणि आत्ता, या घडीला, ते वापरले जात आहेत का? बहुतेक घोटाळे पहिल्याचं उत्तर तिसऱ्याला चिकटवल्यामुळे होतात. मीही तेच केलं होतं.

तंत्र थोडक्यात सांगतो, पुढे लागेल. साधी रॅम एका वेळी 64 बिट देते. ईसीसी पट्टी त्यासोबत आणखी 8 बिट ठेवते. बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 साली मांडलेल्या गणितानुसार 64 बिटांतला एक चुकलेला बिट शोधून सुधारायला 7 बिट पुरतात. आठवा असतो तो दोन बिट एकदम उलटले तर निदान कळावं म्हणून. एक चूक दुरुस्त, दोन चुका उघड. ही आकडेमोड पट्टीवर होत नाही, मेमरी कंट्रोलरमध्ये होते. पट्टी फक्त बिट सांभाळते. म्हणजे पट्टीकडे बघून ईसीसी चालू आहे की नाही हे कळण्याचा मार्गच नाही.

डीएमआयडिकोडचा शब्द अंतिम मानणं

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय हाच : रूट होऊन 'डीएमआयडिकोड' चालवा, '-टी मेमरी' द्या आणि 'एरर करेक्शन टाइप' ही ओळ बघा. तिथे 'नन' असेल तर ईसीसी नाही, 'सिंगल-बिट' किंवा 'मल्टी-बिट ईसीसी' असेल तर आहे. खाली प्रत्येक पट्टीच्या नोंदीत 'टोटल विड्थ' 72 आणि 'डेटा विड्थ' 64 दिसली की आनंदीआनंद.

पण हे हत्यार मेमरी कंट्रोलरला काहीही विचारत नाही. बूट होताना बायोसनं मेमरीत एक तक्ता लिहून ठेवलेला असतो, तोच ते वाचून दाखवतं. तक्ता भरताना बोर्ड बनवणाऱ्यानं किती काळजी घेतली यावर सगळं अवलंबून. डीएमआयडिकोडच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येच बजावलं आहे की या तक्त्यांतली माहिती बरेचदा अपुरी किंवा चक्क चुकीची असते. खुद्द सांगणाराच 'माझ्यावर विसंबू नका' म्हणत असेल तर आपण का विसंबावं?

यातही दोन खास खड्डे आहेत. पहिला, '-टी' न देता सगळा तक्ता बाहेर काढायचा आणि त्यात 'ईसीसी' शब्द शोधायचा. सापडतो हमखास! कारण प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीची, म्हणजे कॅशची, नोंदही (प्रकार 7) आपला 'एरर करेक्शन टाइप' सांगते आणि कॅशला ईसीसी असणं ही साध्यातल्या साध्या प्रोसेसरची गोष्ट आहे. रॅमसाठी बघायचे ते प्रकार 16 आणि 17. सापडलेली ओळ कोणत्या नोंदीखाली आहे, हे वर सरकून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा खड्डा व्हर्च्युअल मशिनचा. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या पाहुण्या सिस्टिममध्ये ही आज्ञा दिली तर 'मल्टी-बिट ईसीसी' असं ठणकावून उत्तर येतं, खालच्या खऱ्या मशिनमध्ये साधी रॅम असली तरीही. क्यूईएमयूच्या कोडमध्ये ते मूल्य सरळ लिहूनच ठेवलं आहे. तपासणी खऱ्या मशिनवरच करायची.

'मी एलएसएचडब्ल्यूनंही तपासलं, दोन्ही एकच सांगतात' असं म्हणणारे भेटतात. (एलएसएचडब्ल्यू ही हार्डवेअरची यादी दाखवणारी आज्ञा.) सांगणारच. रॅमच्या बाबतीत तेही त्याच तक्त्यातून वाचतं. दोन साक्षीदार दिसतात, पण दुसऱ्यानं पहिल्याचंच ऐकलेलं आहे.

म्हणून डीएमआयडिकोड फेकून द्यायचं का? नाही. 'टोटल विड्थ' 64 दिसत असेल, तर पट्टी बहुधा साधी आहे आणि पुढची मेहनत वाचते. नकारासाठी ते बरं, होकारासाठी नाही. पट्टीची खात्री आणखी चांगली करायची तर आय-टू-सी टूल्समधलं 'डीकोड-डिम्स' वापरा. ते पट्टीवरच्या छोट्या चिपमधली, म्हणजे एसपीडीतली, माहिती थेट वाचतं. त्यासाठी योग्य ड्रायव्हर लागतो. डीडीआर4 या रॅमच्या पिढीसाठी त्याचं नाव 'ईई1004'. पण पुन्हा तेच : हे पट्टीचं ओळखपत्र झालं, तिच्या कामाचा दाखला नव्हे.

'डीडीआर5 मध्ये ईसीसी असतंच की!'

असतं, पण ते हे नव्हे. डीडीआर5 च्या प्रत्येक चिपच्या पोटात स्वतःची दुरुस्ती असते. 128 बिटांमागे 8 बिट. चिपमधल्या पेशी इतक्या बारीक झाल्या की त्याशिवाय उत्पादन परवडेना, म्हणून ती आली. चिपमधून बाहेर पडून कंट्रोलरपर्यंत जाताना बिट बिघडला तर तिचा उपयोग शून्य, आणि आतल्या आत काय दुरुस्त केलं ते ती लिनक्सला सांगत नाही. जाहिरातीत मात्र 'ऑन-डाय ईसीसी' हे शब्द ठळक असतात आणि माणूस फसतो.

खरी ईसीसी असलेली डीडीआर5 पट्टी वेगळी मिळते. डीडीआर5 मध्ये एका पट्टीचे 32 बिटांचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागाला आपले तपासणीचे बिट लागतात. त्यामुळे एकूण रुंदी 72 किंवा 80 दिसू शकते. 80 बघून गोंधळू नका. 64 दिसली तर मात्र ती साधी पट्टी, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

'सपोर्ट करतो' या शब्दावर भाळणं

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ईसीसीचे कडवे पुरस्कर्ते. सामान्य डेस्कटॉपमधून ईसीसी हद्दपार केल्याबद्दल त्यांनी 2021 च्या सुरुवातीला इंटेलवर जाहीर आगपाखड केली होती. आणि ऑक्टोबर 2022 मध्ये, कर्नल 6.1 चं काम ऐन भरात असताना, त्यांच्याच मशिनची रॅम बिघडली. प्रोसेसर आणि बोर्ड ईसीसीला तयार होते. पण मशिन जोडलं तेव्हा कोविडची सुरुवात होती, ईसीसी पट्ट्या वाजवी भावात मिळत नव्हत्या, साधी रॅम लावली आणि नंतर बदलायची राहून गेली. माझ्या गोष्टीची ही बरोबर उलटी बाजू. माझ्याकडे पट्ट्या होत्या आणि कंट्रोलर झोपलेला. त्यांच्याकडे कंट्रोलर तयार आणि पट्ट्याच नाहीत. साखळीतली कुठलीही कडी निसटली की निकाल एकच.

प्रोसेसरपासून सुरुवात करा. एएमडी रायझनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी ग्राफिक्स नसलेल्या जुन्या पिढ्यांत आणि 7000 मालिकेत कंट्रोलर ईसीसी जाणतो. मात्र बोर्डानं साथ दिली तरच ते खरं होतं. नावापुढे 'जी' असलेल्या 5000 आणि 8000 मालिकेतल्या प्रोसेसरांत ते 'प्रो' आवृत्तीतच मिळतं. नेहमीची फसगत इथेच होते : भाऊबंद प्रोसेसर ईसीसीवाला, म्हणून हाही असेल असं धरून चालायचं. इंटेलकडे बराच काळ मजेशीर प्रकार होता. महागडे कोअर आय5 आणि आय7 ईसीसीला नाही म्हणायचे, आणि स्वस्त आय3 किंवा पेंटियम योग्य सर्व्हर चिपसेटवर हो म्हणायचे. बाराव्या पिढीपासून अनेक कोअर प्रोसेसरांना ईसीसी मिळालं, पण डब्ल्यू680 सारखा वर्कस्टेशन चिपसेट असलेल्या बोर्डावर. झेड690 या साध्या डेस्कटॉप चिपसेटवर तोच प्रोसेसर बसवा, ईसीसी गायब.

बोर्डाच्या कागदपत्रांत 'ईसीसी पट्ट्या चालतात' असं वाक्य असेल तर ते दोनदा वाचा. त्याचा अर्थ कधीकधी इतकाच असतो की ईसीसी पट्टी लावली तरी मशिन सुरू होईल. जास्तीच्या बिटांकडे कुणी बघणार नाही, पण सुरू होईल. 'ईसीसी मोड' किंवा 'ईसीसी फंक्शन' चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

पट्ट्यांबद्दल दोन गोष्टी पटकन. डेस्कटॉपला 'अनबफर्ड' ईसीसी लागते, सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' नव्हे. डीडीआर4 मध्ये ती खाचेत नीट बसते आणि मशिन सुरूच होत नाही, डीडीआर5 मध्ये तर बसतच नाही. आणि चारपैकी एक पट्टी साधी असेल तर बाकी तिघींच्या ईसीसीवर भरवसा ठेवू नका.

लॉगमध्ये 'ईडॅक' दिसलं म्हणजे जिंकलो असं मानणं

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. लिनक्समध्ये थेट मेमरी कंट्रोलरला विचारणारी यंत्रणा आहे, तिचं नाव ईडॅक. 2006 च्या 2.6.16 कर्नलपासून ती मुख्य कर्नलचा भाग आहे. तिचे ड्रायव्हर, म्हणजे मॉड्यूल, वेगवेगळे : एएमडीसाठी 'एएमडी64_ईडॅक', इंटेलच्या छोट्या झिऑन (सर्व्हरचे प्रोसेसर) आणि तत्सम डेस्कटॉप मशिनसाठी 'आयई31200_ईडॅक', मोठ्या सर्व्हरसाठी आणखी वेगळी मॉड्यूल. उत्तर इथे मिळतं. पण ते वाचताही यायला हवं.

कर्नल लॉगमध्ये 'ईडॅक' शोधलं की जवळपास प्रत्येक मशिनवर एक ओळ येते : 'ईडॅक एमसी : व्हर्जन 3.0.0'. लोक ही ओळ दाखवून पेढे वाटायला निघतात. ती फक्त एवढंच सांगते की ईडॅकचा गाभा कर्नलमध्ये आहे. कंट्रोलर भेटला का, ईसीसी चालू आहे का, याच्याशी तिचा संबंध नाही.

हवी असते ती ओळ अशी : 'ईडॅक एमसी0 : गिव्हिंग आउट डिव्हाइस टू मॉड्यूल' आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. एएमडीवर काही कर्नलांत त्याआधी 'नोड 0 : डीरॅम ईसीसी एनेबल्ड' असंही दिसतं. 'डिसेबल्ड' दिसलं तर तेही मोलाचं. ड्रायव्हरनं प्रोसेसर ओळखला, कंट्रोलरला विचारलं आणि स्पष्ट नकार मिळाला. अशा वेळी बायोस गाठायचं. 'नो ईसीसी सपोर्ट' असं आयई31200 म्हणत असेल तर दोष बहुधा प्रोसेसर किंवा चिपसेटच्या निवडीतच आहे.

काहीच दिसत नसेल तर घाईनं 'ईसीसी नाही' असा निकाल देऊ नका. आधी हे बघा. लॉग दाखवणारी 'डीमेसेज' ही आज्ञा सुडोशिवाय चालवली का? अनेक वितरणांत साध्या वापरकर्त्याला कर्नल लॉग दिसतच नाही. मशिन सुरू होऊन बरेच दिवस झाले का? लॉगची जागा मर्यादित असते, जुन्या ओळी पुसल्या जातात. 'जर्नलसीटीएल -के -बी' हा सुरक्षित रस्ता. मॉड्यूल लोड झालं का ते 'एलएसमॉड'नं बघा, नसेल तर 'मॉडप्रोब'नं हातानं लोड करून बघा. 'नो सच डिव्हाइस' अशी तक्रार आली तर लगेच लॉगचं शेपूट वाचा, कारण खरं दुखणं तिथे लिहिलेलं असतं. आणि प्रोसेसर नवा, कर्नल जुना असेल तर ड्रायव्हरला तो प्रोसेसर ओळखताच येत नाही. त्या वेळी ईसीसी व्यवस्थित चालू असूनही लिनक्स मौन पाळतं. नव्या कर्नलचं लाइव्ह यूएसबी लावून बूट करा, पाच मिनिटांत शंका फिटते.

फायलींतून बघायचं असेल तर '/सिस/डिव्हाइसेस/सिस्टिम/ईडॅक/एमसी' हा फोल्डर. इथेही तीच फसगत : 'एमसी' फोल्डर रिकामाही असू शकतो. त्याच्या आत 'एमसी0' हवा, आणि त्यात 'सीई_काउंट' व 'यूई_काउंट' या फायली. पहिलीत दुरुस्त झालेल्या चुका मोजल्या जातात, दुसरीत हाताबाहेर गेलेल्या. 'ईडॅक-युटिल -व्ही' हेच जरा नीटनेटकं करून दाखवतं.

जुन्या एएमडी ड्रायव्हरच्या संदेशात 'ईसीसी_एनेबल_ओव्हरराइड' नावाचा एक पर्याय सुचवलेला दिसेल, आणि शेजारीच त्याच्या अज्ञात परिणामांचा इशाराही. त्या वाटेला जाऊ नका. बूट होताना बायोसनं रॅम जशी लावून दिली आहे, ती घडी चालत्या सिस्टिममधून मोडणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं. बायोसमध्ये 'डीरॅम ईसीसी एनेबल' शोधा. रायझनच्या बोर्डांवर ते बहुधा 'एएमडी सीबीएस' या मेन्यूच्या चार पायऱ्या खाली मेमरीच्या पानांत दडलेलं असतं. 'ऑटो' काढून स्पष्ट 'एनेबल्ड' करा.

शून्य बघून निर्धास्त होणं

समजा सगळं जुळलं. एमसी0 आहे, दोन्ही काउंट शून्य. आता शून्याचे दोन अर्थ निघतात : चुकाच झाल्या नाहीत, किंवा चुका मोजणारी साखळी कुठेतरी तुटली आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

चुका किती वेळा होतात? टोरंटो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी 2009 मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात 8 टक्क्यांहून थोड्या जास्त पट्ट्यांवर किमान एक दुरुस्त झालेली चूक नोंदली गेली होती. म्हणजे बहुसंख्य पट्ट्या वर्ष काढतात आणि काउंट हलत नाही; एखादी बिघडलेली पट्टी मात्र चुकांचा पाऊस पाडते. तुमचं शून्य खरं असण्याची शक्यता भरपूर आहे. पण ते पुरावा नाही.

पुरावा हवा तर चूक घडवावी लागते. काही जण 'एमसीई-इंजेक्ट' वापरतात, काउंट वाढलेला बघतात आणि खूश होतात. ते सॉफ्टवेअरमधून कर्नलला खोटी चूक कळवतं. नोंदवही चालते एवढं सिद्ध होतं. रॅम आणि कंट्रोलर यांना त्या नाटकाची खबरही नसते. हार्डवेअरमध्ये खरी चूक टोचायची सोय काही मशिनमध्ये असते, पण डेस्कटॉपच्या बायोसमध्ये ती बहुधा कुलूपबंद.

उरतो तो हौशी लोकांचा जुना मार्ग : रॅमला तिच्या मर्यादेच्या किंचित पलीकडे ढकलणं. डेटाच्या डिस्क काढून ठेवा, म्हणजे खरंच काढा, केबल सोडवा. लाइव्ह यूएसबीवरून बूट करा. बायोसमध्ये रॅमचा वेग एक पायरी वाढवा किंवा टायमिंग जरा आवळा, व्होल्टेज वाढवू नका. मग 'स्ट्रेसअॅपटेस्ट' ही रॅमवर ताण देणारी चाचणी चालू करा आणि दुसऱ्या टर्मिनलवर सीई_काउंट बघत बसा. तो लगेच हलेलच असं नाही. कर्नल या नोंदी ठरावीक अंतरानं तपासतो आणि हे अंतर मुळात 5 मिनिटांचं असतं. पाऊण तास द्या.

निकाल असा वाचायचा. काउंट वाढतोय आणि चाचणीला एकही चूक दिसत नाही : ईसीसी काम करतंय, झालं. चाचणी चुका दाखवतेय आणि काउंट शून्यावर ढिम्म : ईसीसी बंद आहे, डीएमआयडिकोड काहीही म्हणो. दोन्हीकडे शांतता : काहीच सिद्ध झालं नाही, आणखी एक पायरी चढा. मशिन सुरूच होत नाही : जास्त चढलात, बायोस मूळ स्थितीत आणा. काउंट वाढताना मध्येच मशिन कोसळलं तर घाबरू नका, दोन बिट एकदम गेले असतील. तेव्हा थांबणं हेच ईसीसीचं काम आहे.

ही कसरत प्रत्येकानं करायलाच हवी असं मला वाटत नाही. 'एनेबल्ड' ओळ आणि एमसी0 एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पण महत्त्वाच्या फायली त्या मशिनवर राहणार असतील, तर जोडणीच्या पहिल्याच दिवशी, डिस्क रिकाम्या असताना, एक संध्याकाळ यासाठी काढणं सोपं जातं. नंतर हिंमत होत नाही.

चालू केलं आणि विसरलं

दुरुस्त झालेली चूक पडद्यावर येत नाही. ईसीसी इतक्या मुकाट्यानं काम करतं की पट्टी महिनोन् महिने मरणपंथाला लागलेली असते आणि आपल्याला पत्ता नसतो. अशा चुकांची नोंद ठेवणारं 'रासडीमन' बसवा आणि नोंदी ठेवण्याचा पर्याय चालू करा. मग 'रास-एमसी-सीटीएल --समरी' दिलं की मागचा सगळा हिशेब समोर येतो. जुने लेख 'एमसीलॉग' सुचवतात, पण कर्नलनं तो मार्ग केव्हाच बाजूला सारला आहे. महिन्याकाठी एखादी चूक दिसली तर सोडून द्या. एकाच पट्टीच्या नावावर रोज आकडा वाढत असेल तर ती काढायचीच.

पण कोणती पट्टी? ईडॅक चॅनल आणि चिप-सिलेक्टच्या भाषेत बोलतं, बोर्डावर ए1, बी2 छापलेलं असतं, आणि या दोघांची ओळख बहुतेक डेस्कटॉप बोर्डांसाठी कुणी करून दिलेली नसते. एक पट्टी काढून बूट करा, यादीतलं काय गायब झालं ते कागदावर लिहा, मग दुसरी. तो कागद मी कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

शेवटचा खड्डा बायोस अपडेटचा. अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जातात आणि 'एनेबल्ड'चं पुन्हा 'ऑटो' होतं. माझ्याकडे आता बूट झाल्यावर 'डीरॅम ईसीसी एनेबल्ड' ही ओळ शोधणारी चार ओळींची स्क्रिप्ट आहे. ओळ सापडली नाही तर मला मेल येतो. आजवर तो एकदाच आला आहे, बायोस अपडेट केल्यानंतरच्या पहिल्याच बूटला.